चौकट रिकामी दिसते

३ सप्टेंबर

"चौकट रिकामी दिसते." — भिंगरीच्या शाळेतल्या कॉम्प्युटरबाईंची मेल. पुढे लिहिलंय, पानाच्या मधोमध करडी चौकट येते, आत काही नाही. मुलगी तास संपेपर्यंत समोरून हलली नाही.

तास संपेपर्यंत! रिकाम्या चौकटीसमोर!

पोटापाण्यासाठी वेबसाइटी बनवतो मी. दवाखाने, दुकानं, नगरपालिका — सगळ्यांना जगाला दाखवून झालं. आणि स्वतःच्या पोरीला स्वतःचं तोंड दाखवता येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

४ सप्टेंबर

नीट मांडून बघतो, म्हणजे काही सुचेल.

भिंगरी सात वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्यासारख्या मुलांची चांगली शाळा मोठ्या शहरात, म्हणून जूनमध्ये ती आणि तिची आई तिकडे गेल्या. मी इथे. माझी आई इथे, काम इथे. भिंगरीची आई म्हणाली होती, "तू नाही आलास तरी आम्ही जाणार." त्या 'तरी'वरून भांडणं झाली. मग भांडणंही संपली. वकिलाच्या भाषेत 'परस्पर संमतीने'. संमती कसली — दोघंही दमलो होतो.

फोनचा उपयोग नाही. त्यांच्या घरी इंटरनेट नाही, तिच्या आईचा फोनही साधा. पत्र वाचण्याइतकं भिंगरीला अजून येत नाही. उरतो आठवड्यातला एक कॉम्प्युटरचा तास. त्या तासाला तुमचं पान उघडून देईन असं बाईंनी कबूल केलंय. पण शाळेत व्हिडिओच्या साइटी बंद, आणि तिथल्या मशीनवर नवीन काही टाकायची परवानगी नाही.

मी काय केलं? माझा व्हिडिओ अशाच एका साइटवर चढवला आणि तिथला तयार तुकडा उचलून पानात चिकटवला. घाई! शाळेच्या कुलपाने तो तुकडा गिळला. माझ्यासकट.

५ सप्टेंबर

ऑफिसात शुद्धलेखनला दाखवलं. शेजारच्या टेबलावर बसते ती. खरं नाव वेगळं, पण कुणाच्याही कोडमधली चूक दिसली की तिच्या अंगात मास्तरीण संचारते, म्हणून हे नाव. तिला ते माहीत आहे. आवडतंही, मला वाटतं.

तिने माझं पान तपासणीला लावलं. कोडमधल्या चुकांच्या लाल ओळीच ओळी.

"हे काय आहे? टॅग उघडलायस, बंद केला नाहीस. घराचं दार असं सताड टाकून जातोस का?"

"माणसं जातात," मी म्हणालो.

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. म्हणाली, "हे बघ. स्टँडर्ड म्हणजे काय? तुझ्या मशीनवर दिसतं म्हणून ते बरोबर, असं नाही. जे मशीन तू कधी पाहिलेलं नाहीस, त्याच्यावरही दिसलं पाहिजे. त्यासाठी सगळ्यांनी मिळून ठरवलेलं व्याकरण. ते पाळ. उसनवारीचा तुकडा काढ. फाइल आपल्या सर्व्हरवर ठेव, साधा व्हिडिओ टॅग वापर."

न पाहिलेलं मशीन. तिथेच तर माझी पोरगी बसते.

९ सप्टेंबर

सकाळी ऑफिसला जायच्या आधी व्हिडिओ पुन्हा घेतला. खिडकीकडे तोंड करून बसलो, म्हणजे हात उजेडात दिसतील. खुणा करताना हात सारखे चौकटीबाहेर जातात!

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मलाही घे की." घेतलं. एरवी माझी आई झोपेत बोलते, भाजीशी बोलते, नळाशी भांडते. कॅमेऱ्यासमोर बसवली तर पुतळा! हात मांडीवर, तोंड मिटलेलं.

"अगं, हात तरी हलव."

तिने एक हात हलवला. बस सुटताना हलवतात तसा.

१२ सप्टेंबर

बाईंची मेल. चौकट आता काळी दिसते. मध्ये फुली.

करड्याची काळी झाली. प्रगती आहे!

१५ सप्टेंबर

शुद्धलेखनने बाईंना मशीनबद्दल भराभर प्रश्न विचारले. शाळेतलं सगळं फुकटच्या प्रणालीवर चालतं. तिथल्या ब्राउझरला माझी फाइल ज्या प्रकारात आहे तो प्रकार कळतच नाही. मग दोन प्रकार करायचे. एकाच टॅगच्या पोटात दोन्ही ठेवायचे, ब्राउझरला जो समजेल तो तो उचलतो. आणि सगळ्यांत खाली एक साधं वाक्य — काहीच चाललं नाही तर दिसावं म्हणून.

"त्या वाक्यात काय लिहू?"

"काहीही. 'तुमच्या ब्राउझरवर हा व्हिडिओ चालत नाही' असं लिहितात लोक."

मी लिहिलं, 'भिंगरी, बाबा इथेच आहे.' शुद्धलेखनने वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्या ओळीत चूक काढली नाही.

१९ सप्टेंबर

तीच काळी चौकट. माझं वाक्यसुद्धा नाही. आज तास संपायच्या आधीच भिंगरी उठून चित्र काढायला गेली, असं बाई लिहितात. त्यांनी बिचाऱ्यांनी 'काळजी करू नये' असंही लिहिलंय.

काळजी कशाला. सवय होतेय तिला. तेच तर.

२३ सप्टेंबर

सापडलं!

फाइल ठीक, टॅग ठीक. चूक आमच्या सर्व्हरची. तो प्रत्येक फाइल पाठवताना तिच्यावर चिठ्ठी लावतो — हे चित्र, हा मजकूर, हा व्हिडिओ. माझ्या दुसऱ्या प्रकारच्या फाइलवर तो 'मजकूर' अशी चिठ्ठी लावत होता. शाळेतला ब्राउझर नियमाचा पक्का. मजकूर म्हणता ना? मग व्हिडिओ म्हणून मी दाखवणार नाही! माझं मशीन लाडावलेलं, ते चिठ्ठी न वाचताच दाखवायचं.

एका ओळीचा बदल. तेवढ्यासाठी पोरीचे तीन तास गेले.

२६ सप्टेंबर

दिसला.

दिसला दिसला दिसला!

बाई लिहितात — आधी ती मागे सरकली. मग स्क्रीनला नाक लावलं. मग मशीनच्या मागे जाऊन बघून आली. माउस बिघडलेला होता, पण बाईंनी स्पेसचं बटण दाखवलं आणि त्यावर व्हिडिओ चालतो-थांबतो. टॅग शुद्ध असला की हे आपोआप मिळतं, म्हणे शुद्धलेखन. भिंगरीने तासभर ते एकच बटण दाबलं. बाबा चालू, बाबा बंद, बाबा चालू.

आजीच्या हात हलवण्याला तिने दर वेळी हात हलवला.

आईला सांगितलं. ती पदराने भिंतीवरचा आरसा पुसत बसली.

३ ऑक्टोबर

भिंगरीची आई आज फोनवर म्हणाली, "पान बघितलं तिने. बरं केलंस." मी म्हणालो, "तू बघितलंस?" ती म्हणाली, "मला वेळ कुठे."

आवाज तोच. फक्त आता मला तो परवानगी घेऊन ऐकल्यासारखा वाटतो.

१० ऑक्टोबर

खुणांचं पुस्तक आणलंय. चित्रं आणि बाण.

घरी आमच्या स्वतःच्या खुणा होत्या. दूध, चांदोबा, 'आजी चिडली', 'गुपचूप चल'. दहा-पंधरा शब्दांत संसार चालायचा. पण शाळेत तिला खरी भाषा मिळाली. मध्यंतरी चार दिवस इथे राहून गेली तेव्हा तिचे हात कसे पळायचे! मी नुसता मान डोलवायचो. तिच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी ती काहीतरी मोठं सांगत होती, मध्येच थांबली, माझ्या मानेकडे बघितलं, आणि आमची जुनी खूण केली — दूध. तेवढंच मला कळतं, म्हणून.

मुलं आईबापांपेक्षा शहाणी होतात, हे ठीक. पण सातव्या वर्षी?

२४ ऑक्टोबर

आता व्हिडिओखाली ओळीही टाकतो. वेगळी फाइल असते — कोणत्या क्षणी कोणती ओळ. हाताने सांगायचं ते अक्षरातही दिसेल, वाचायला शिकेल. बाईंनी कळवलं, ओळी फार भरभर पळतात, मूल पहिला शब्द लावतं तोवर दुसरी येते. थांबवून थांबवून पुन्हा केल्या. एक ओळ, मोठा श्वास, मग दुसरी.

३१ ऑक्टोबर

शुद्धलेखनने माझ्यासमोर डबा सरकवला. "खा. तू हल्ली माणसासारखा दिसत नाहीस."

"कसा दिसतो?"

"लोड होत असल्यासारखा."

हसलो. बऱ्याच दिवसांनी.

७ नोव्हेंबर

बाईंची मेल. "मुलगी विचारते, बाबांचं डोकं रोज का दुखतं? औषध घेतात का?"

मला कळेना. पुस्तक काढलं. 'तुझी आठवण येते' आणि 'डोकं दुखतंय' — शेजारशेजारची चित्रं, हात कपाळाशीच, फक्त बाण उलटा! म्हणजे इतके आठवडे मी तिला प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी, डोळ्यांत पाणी आणून सांगतोय — माझं डोकं दुखतंय!

आणि खालची ओळ? तिथे 'आठवण येते' असंच होतं. पण 'ठ' अजून लागत नाही म्हणून ती तो शब्दच सोडून द्यायची, म्हणे बाई. हातावर विश्वास ठेवला तिने.

आईला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "तसं खोटं नाही म्हणा."

१४ नोव्हेंबर

खूण सुधारून नवा व्हिडिओ चढवला. बाई लिहितात — तिने बघितला, मान हलवली, आणि स्क्रीनला तीच खूण परत केली. बरोबर बाणाने.

ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो. रखवालदार म्हणाला, "साहेब, पाणी आणू?"

५ डिसेंबर

भिंगरीच्या आईचा फोन. मी पान तपासत होतो, उचलताना हात तसाच कीबोर्डवर.

"डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन होईल. कानामागे यंत्र बसवायचं आत. ऐकू येईल."

"ऐकू — म्हणजे?"

"म्हणजे ऐकू. आपल्यासारखं नाही, पण येईल. उशीर झालाय, बोलणं समजायला खूप वेळ लागेल. पण आवाज येईल." मग थोडं थांबून — "तुझी सही लागते."

"सही कसली मागतेस! मी येतोय."

"ये."

या वर्षात तिने मला 'ये' म्हटलेलं हे पहिलंच.

६ डिसेंबर

आईला सांगितलं. ती नळ बंद करून माझ्यासमोर येऊन बसली, म्हणजे मोठीच गोष्ट.

मग म्हणाली, "माझं ऐकेल ती?"

"लगेच नाही कळायचं. आधी आवाज म्हणजे काय, तेच शिकावं लागेल."

"मी बोलतच होते की तिच्याशी. तिला ऐकू येत नाही म्हणून मी कुठे थांबले?"

१६ जानेवारी

दवाखान्यात. उद्या ऑपरेशन.

भिंगरी केवढी वाढली! धावत आली, गुडघ्याला मिठी मारली, लगेच मागे सरून खुणा सुरू. आणि मला कळल्या! सगळ्या! शाळेत ससा आणलाय, त्याने कॉम्प्युटरबाईंची चप्पल कुरतडली, बाई रागावल्या आणि मग हसल्या. मी विचारलं, सशाचं नाव काय? ती अशी बघत राहिली जशी काही भिंत बोलली.

मग लक्षात आलं. मला कळतंय, कारण ती माझ्यासाठी हात सावकाश चालवत होती. आपण कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलतो ना, तसं.

तरी चालेल. चालेल मला.

१७ जानेवारी

आत नेलं. दारापर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. दारात परिचारिका म्हणाली, "आता सोडा." मी सोडत नव्हतो की ती, ते सांगता येणार नाही.

बाहेर बाकावर मी आणि भिंगरीची आई. मध्ये तिची पर्स. कॉफी आणून दिली, तिने घेतली. साखर न विचारता घातली होती. बरोबर होती.

ती म्हणाली, "तिला शाळेत तू सापडतोस म्हणून ती त्या दिवशी लवकर उठते. स्वतः वेणी घालून घेते. वाकडी."

मी म्हणालो, "मी इकडेच राहू का? काम काय, कुठूनही होतं. आईला आणतो."

माझ्याच तोंडून हे इतकं सोपं कसं आलं! गेल्या वर्षी का नाही आलं?

ती कपाकडे बघत राहिली. "नको."

"का?"

"मोठ्या मुश्किलीने सवय मोडलीय. पुन्हा लागली तर मला पुन्हा मोडता येणार नाही." मग हात माझ्या हातावर ठेवला, आणि लगेच उचलला. "तू चांगला आहेस रे. तेवढ्याने भागत नाही."

डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालं.

तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघंही रडत होतो. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, आनंदाने.

२० जानेवारी

परत आलो. निघताना भिंगरी झोपेत होती, डोक्याला पांढरा फेटा. यंत्र आत बसलंय पण अजून बंद आहे. जखम पूर्ण भरली की बाहेरचा भाग लावून चालू करतात. पुढच्या महिन्यात. तारीख दिलीय, मी रजा टाकलीय.

शुद्धलेखनने विचारलं, "आणि ते दुसरं?"

"कुठलं दुसरं?"

"ज्याच्यासाठी नवा शर्ट घेऊन गेला होतास."

"नाही जमलं."

माझ्या कोडमधली एक चूक माझ्या नकळत दुरुस्त करून ठेवली तिने. ती सुधारते तेव्हा ओळी कशा सरळ होतात, ते मला ओळखू येतं.

३० जानेवारी

पहिल्यांदा आवाज येईल तेव्हा तिच्यासमोर मी काय म्हणायचं?

'भिंगरी'? ते तर आम्ही हाक मारायला ठेवलेलं नाव, आणि हाक तिला कधी गेलीच नाही. 'बाबा'? स्वतःचंच नाव काय घ्यायचं! आईला विचारलं. ती म्हणाली, "काही म्हणू नकोस. हळूच खाकर. पोर दचकेल."

रोज दाढी करताना आरशासमोर वेगवेगळं म्हणून बघतो. सगळंच खोटं वाटतं.

६ फेब्रुवारी

नवा व्हिडिओ. सशाला गाजर कसं द्यायचं. दोन्ही प्रकार, ओळी, सगळं तपासलं. एकही लाल ओळ नाही. हात एकदाही चौकटीबाहेर नाही! शुद्धलेखन म्हणाली, "आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही." हे तिच्या तोंडून!

११ फेब्रुवारी

भिंगरीच्या आईचा मेसेज. "आज यंत्र चालू केलं. एका पेशंटची वेळ रद्द झाली, त्यांनी सकाळीच बोलावलं. तुला कळवायला हवं होतं. धावपळीत राहिलं. सॉरी."

फोन केला. "काय ऐकलं तिने पहिलं?"

"पंखा. घाबरली. वर बघून रडायला लागली. मग मी बोलले."

"काय बोललीस?"

"आठवत नाही रे. काहीतरी. 'नाही हं, नाही हं' असं."

मी म्हणालो, छान. फोन ठेवला. तिकीट काढलेलं होतं, ते रद्द करायला गेलो. खिडकीवरच्या माणसाने कारण विचारलं. 'काम झालं' म्हणून सांगितलं.

१२ फेब्रुवारी

आई सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण भांड्यांशी. "तिथे असायला हवा होता" असं कढईला सांगत होती.

१३ फेब्रुवारी

कॉम्प्युटरबाईंची मेल. आज तासाला भिंगरी यंत्र लावून आली. बाईंनी आधी शाळेच्या मशीनमध्ये ठेवलेले आवाजाचे व्हिडिओ लावले — गाडी, कुत्रा, टाळ्या. प्रत्येकाला ती दचकली आणि हसली. मग तिने स्वतः माझं पान उघडलं. सशाचा व्हिडिओ लावला. आवाजाचं बटण दाबत दाबत शेवटपर्यंत नेलं. मग मागचा लावला. मग त्याच्या मागचा. सगळे.

आवाज त्यात नाहीच. फाइल हलकी व्हावी म्हणून मीच प्रत्येकातून काढून टाकला होता.

बाई लिहितात — शेवटी तिने बाईंची बाही ओढली आणि खुणेने विचारलं, "बाबा मुके आहेत का?"